‘उपग्रह कधी उडणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी

लग्न असो, बारसं असो नाहीतर सकाळी गंगापूर रोडला फिरायला गेलेलो असो, भेटेल तो एकच विचारतो, काय मग, उपग्रह कधी उडणार? आधी मी नीट उत्तर द्यायचो, हल्ली हसून सोडून देतो. कारण विचारणाऱ्याच्या डोक्यात श्रीहरिकोटा असतं, धूर, आग, टाळ्या, टीव्हीवरचं काउंटडाऊन. ते सगळं मिळून वीस मिनिटांचं काम. त्याच्या आधीची काही वर्षं आणि नंतरची काही वर्षं याबद्दल कुणाला काही ऐकायचं नसतं, आणि मला तर तेवढंच सांगायचंय, म्हणून इथे लिहितोय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी ओळख थोडक्यात. अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, पॅनल वायरिंग आणि पीसीबी असेंब्लीचं जॉबवर्क. हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन बरीच वर्षं आहे, घराच्या गच्चीवर अँटेना आहेत, शेजाऱ्यांच्या मते त्या केबलच्या आहेत आणि मी तो गैरसमज तसाच ठेवलाय. इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं ‘काका, सोल्डरिंगचं जरा बघाल का’ करत आली आणि मग चिकटलीच. त्यांना खगोलशास्त्राचा क्यूबसॅट बनवायचाय. १० सेंटिमीटर बाय १० बाय १० चा डबा, त्याला १ यू म्हणतात. हे माप १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी, कॅल पॉलीचे होर्डी पुइग-सुआरी आणि स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज यांनी ठरवलं, हेतू हा की विद्यार्थ्याला शिकता शिकताच एक अख्खा उपग्रह हाताळायला मिळावा. आमचा अजून टेबलावरच आहे, इंजिनिअरिंग मॉडेल म्हणतात त्या अवस्थेत. तर कधी उडणार याचं उत्तर झालं, माहीत नाही. आता पुढचं.

पोरं पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याकडे झकास प्रेझेंटेशन होतं. टेलिस्कोप, कॅमेरा, तेजोमेघांचे रंगीत फोटो. मी म्हटलं छान आहे, पण फोटो खाली कसा आणणार? रेडिओने. बरं, किती वेगाने? हॅमच्या ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असले छोटे उपग्रह साधारण ९६०० बिट प्रतिसेकंद पाठवतात. मग फळ्यावर हिशोब मांडला. पाचशे-सव्वापाचशे किलोमीटरवरचा उपग्रह पृथ्वीभोवती साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतो, पण नाशिकच्या आकाशातून जातो तेव्हा तो दिसतो जेमतेम दहा मिनिटं, तेही पास, म्हणजे आपल्या आकाशातून जाणारी ती एक फेरी, चांगला असेल तर. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद, गुणिले ९६००, भागिले आठ, आले ७२० किलोबाइट. त्यात पॅकेटचे हेडर, एरर करेक्शन, हरवलेली पॅकेटं, उपग्रह क्षितिजाजवळ असताना बिल्डिंगांमागे गेलेला सिग्नल, निम्मं गेलं समजा. ध्रुवीय कक्षेतला उपग्रह आपल्याकडून दिवसाला कामाचे असे चार पास देतो, साधारण दोन सकाळी आणि दोन रात्री. म्हणजे दिवसाची कमाई झाली १.४ मेगाबाइट. आता कॅमेऱ्याची कच्ची फ्रेम घ्या, १२ मेगापिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, २४ मेगाबाइट. एका फोटोला १७ दिवस! आणि एवढं करून तो फोटो आमच्या पेठ रोडवाल्या मित्राच्या आठ इंची टेलिस्कोपपेक्षा वाईटच येणार, कारण दहा सेंटिमीटरच्या डब्यात भिंग मावून मावून मावणार केवढं.

शांतता पसरली. एक जण म्हणाला काका तुम्ही डिमोटिव्हेट करताय. मी म्हटलं मी फक्त गुणाकार करतोय.

पण मुद्दा खरंच हाच आहे. छोट्या उपग्रहावर कुठलं विज्ञान करायचं हे टेलिस्कोप ठरवत नाही, खाली किती आणता येतं, वर वीज किती मिळते आणि डबा किती स्थिर धरता येतो हे ठरवतं. विजेचंही तेच. दहा बाय दहाच्या एका बाजूवर सोलर सेल बसतात साठेक चौरस सेंटिमीटर, सूर्याकडून प्रतिचौरस मीटर १३६१ वॅट येतात, चांगल्या सेलची कार्यक्षमता २८-३० टक्के धरा, हातात येतात सव्वादोन-अडीच वॅट. त्यात फेरीचा तिसरा हिस्सा सावलीत. सरासरी दीड वॅटवर सगळा संसार, रेडिओ, कॉम्प्युटर, बॅटरीचा हीटर आणि तुमचं विज्ञान. घरातला नाइट लॅम्पसुद्धा कधीकधी जास्त खातो.

मग लोक करतात काय? ज्यांनी नीट केलंय त्यांचं बघा. ब्राइट नावाची नॅनोसॅटेलाइटची मालिका आहे, ऑस्ट्रिया, कॅनडा आणि पोलंडची. त्यातले पहिले दोन, व्हिएन्ना विद्यापीठाचा युनिब्राइट आणि ग्राझच्या तंत्र विद्यापीठाचा टगसॅट-१, हे २५ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पीएसएलव्ही-सी२० वरून श्रीहरिकोट्यातून गेले, सरल या मोठ्या उपग्रहाच्या सोबतीने. टगसॅट हा तर ऑस्ट्रियाचा पहिलाच उपग्रह म्हणतात, युनिब्राइटबरोबर जोडीने. वीस सेंटिमीटरचा घन, वजन सातेक किलो, आणि टेलिस्कोपचं भिंग फक्त ३ सेंटिमीटर! त्यांनी ठरवलं की आपण अंधुक काही बघायचंच नाही. नुसत्या डोळ्यांना दिसतात तेच तारे बघायचे, ज्यांच्याकडे मोठे टेलिस्कोप बघूच शकत नाहीत कारण ते दिपून जातात, आणि तेही महिनोन् महिने सलग बघायचे, त्यांची तेजस्विता किती कमीजास्त होते ते मोजायचं. डिटेक्टर ११ मेगापिक्सेलचा, पण खाली पाठवतात प्रत्येक ताऱ्याभोवतीचा इवलासा चौकोन फक्त, बाकी सगळं आकाश वरच टाकून द्यायचं. हा निर्णय मला फार आवडतो. ९९ टक्के डेटा फेकायची हिंमत असली पाहिजे.

आणि वर गेल्यावर त्यांच्यापुढे काय आलं ते तर अजून भारी आहे. अवकाशातल्या प्रोटॉन्सच्या माऱ्याने सीसीडीवरचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या चिपवरचे पिक्सेल खराब व्हायला लागले, कायम उजळलेले दिसणारे हॉट पिक्सेल, दिवसेंदिवस वाढतच चाललेले. वर जाऊन बदलता थोडीच येतो. मग त्यांनी निरीक्षणाची पद्धतच बदलली. एक एक्स्पोजर झालं की उपग्रह किंचित हलवायचा, म्हणजे तारा चौकोनाच्या दुसऱ्या अर्ध्यात जातो, आणि एक चित्र दुसऱ्यातून वजा करायचं. हॉट पिक्सेल जागच्या जागी असल्यामुळे वजाबाकीत जातात, ताराच तेवढा उरतो. सॉफ्टवेअर आणि डोकं, बास. त्याच यंत्रांनी पुढे २०१८ मध्ये कॅरिना तारकासमूहात एक नोव्हा, म्हणजे अचानक भडकून उजळणारा तारा, पेटताना पकडला, ते बघत होते दुसऱ्याच ताऱ्याकडे आणि हा त्यांच्या चौकटीतच फुटला. नासाच्या फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या गॅमा किरणांच्या नोंदीशी ताडून बघितल्यावर कळलं की नोव्हाचा बराचसा दृश्य प्रकाशसुद्धा आघातलहरींतून येतो. तीन सेंटिमीटरच्या भिंगाने! पाच वर्षं झाली होती तेव्हा पहिले दोन वर जाऊन. पहिल्याच वर्षी टाळ्या वाजवून सगळे घरी गेले असते तर?

तर आमच्या पोरांचा कॅमेरा गेला (दोन दिवस रुसून बसले होते), आणि शोधाशोध करून ते आले गॅमा किरणांवर. हे त्यांनी स्वतः शोधलं, मी नाही, श्रेय त्यांचं. सिन्नरची एक पोरगी आहे ग्रुपमध्ये, तिने एकदा वर्कशॉपमध्ये चहा पिता पिता सरळ सांगितलं, काका, जे जमिनीवरून दिसतच नाही ते बघायचं, म्हणजे कुणाच्या मोठ्या टेलिस्कोपशी स्पर्धाच नको. अगदी बरोबर. गॅमा किरण वातावरणात अडतात, म्हणून वर जावंच लागतं. गॅमा किरणांचे स्फोट, जीआरबी, आकाशात कुठूनही कधीही येतात, काही सेकंद ते काही मिनिटं टिकतात आणि त्या वेळात इतके प्रखर असतात की डिटेक्टर अमुक दिशेला रोखायची गरजच नाही. डबा गरगरत असला तरी चालतो! दृश्य प्रकाशात असं चालत नाही. नासाची जेपीएल प्रयोगशाळा आणि एमआयटीचा अ‍ॅस्टेरिया नावाचा ६ यू क्यूबसॅट होता, त्याने अर्ध्या आर्कसेकंदाच्या (एका अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे आर्कसेकंद) आसपास स्थिरता मिळवली तेव्हा त्याचं केवढं कौतुक झालं, आणि ती जेपीएलची माणसं होती, अंबडची नाही.

जीआरबीचा शोध कसा लागला हेही मजेदार आहे. अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह सोडले होते ते रशियाने चोरून अणुचाचणी केली तर कळावं म्हणून. २ जुलै १९६७ ला त्यांच्यावर गॅमाची एक झळ आली जी बॉम्बसारखी दिसत नव्हती, आणि असं पुन्हा पुन्हा होत गेलं, मग १९७३ मध्ये जाहीर केलं की हे बाहेरून, अवकाशातून येतंय. आता आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटने सुद्धा, २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या, त्याच्यावरच्या कॅडमियम झिंक टेल्युराइड डिटेक्टरने २०२३ मध्ये सहाशेवा स्फोट नोंदवला. त्या कामात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा मोठा हात आहे. पण अ‍ॅस्ट्रोसॅट दीड टनाचा. एक किलोच्या डब्याने होतं का?

होतं. जीआरबीअल्फा बघा. १ यू. हंगेरी, स्लोव्हाकिया आणि चेक प्रजासत्ताकातल्या विद्यापीठांनी आणि संस्थांनी मिळून केलेला, २२ मार्च २०२१ ला बायकोनूरहून सोयुझवरून आणखी ३७ उपग्रहांच्या गर्दीत गेला. आत सीझियम आयोडाइडचा एक स्फटिक, ७५ बाय ७५ मिलिमीटर, जाडी ५ मिलिमीटर. गॅमा फोटॉन त्यात शिरला की दृश्य प्रकाशाची बारीक चमक होते, ती सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर पकडतात, इलेक्ट्रॉनिक्स मोजतं, झालं. आणि मग आली ९ ऑक्टोबर २०२२ ची संध्याकाळ. तारीख आठवत नसेल तर सांगतो, कोजागिरी होती, रविवार. आपल्याकडे सगळ्यांच्या गच्चीवर दुधाच्या पातेल्यांची तयारी चाललेली, आणि आपल्या घड्याळाप्रमाणे पावणेसातच्या सुमारास, सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आलेला, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी गॅमा स्फोट आपल्यावरून गेला. कुणाला काही कळलं नाही अर्थातच, पण पृथ्वीचा आयनोस्फिअर, वातावरणातला वरचा विद्युतभारित थर, हलला त्याने. नासाच्या फर्मीचे डिटेक्टर दिपून गेले, मोजमाप त्या शिखराच्या वेळेला बोंबललं. आणि हा एक किलोचा डबा, त्याचा स्फटिक लहान असल्यामुळेच, दिपला नाही. त्याने स्फोटाचं शिखर नीट मोजलं आणि त्यावर शोधनिबंध निघाला. पोरांना हे कळलं त्या दिवशी वर्कशॉपमध्ये काम झालंच नाही.

हिशोब पण बसतो बघा. आमचा आराखडा असा, दर सेकंदाला चार ऊर्जापट्ट्यांमध्ये किती फोटॉन आले एवढंच लिहायचं, प्रत्येक आकड्याला दोन बाइट. चार गुणिले दोन गुणिले ८६,४००, म्हणजे दिवसाचे ६,९१,२०० बाइट, सातशे किलोबाइटसुद्धा नाहीत. आपली रोजची कमाई १.४ मेगाबाइट. म्हणजे अख्खा दिवस खाली आला, वर तब्येतीची माहिती, बॅटरी व्होल्टेज, तापमान वगैरे, आणि एखाद-दोन पास वाया गेले तरी चालतं. हे ज्या दिवशी फळ्यावर जुळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की यांचं होऊ शकतं. नाहीतर मी मनातून सोडूनच दिलं होतं.

डिटेक्टरचं काम बोलायला सोपं, करायला किचकट. सीझियम आयोडाइडला दमट हवा फारशी मानवत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये उघडा ठेवायचा नाही, सिलिका जेलच्या डब्यात. प्रकाशाचा एक कण बाहेरून आत आला तरी सगळं बिघडतं म्हणून पांढऱ्या परावर्तक फिल्ममध्ये गुंडाळायचा, वरून काळं आवरण, मग अंधारात आणि मग मुद्दाम टॉर्च मारून दोन्ही रीडिंग सारखी येतात का बघायचं, नाही आली की परत सोडा परत गुंडाळा. तपासायला गॅमा किरण कुठून आणायचे हा प्रश्न होता, रेडिओअ‍ॅक्टिव्ह सोर्स काय दुकानात मिळत नाही आणि त्याला परवानग्या लागतात. तर माझ्याकडे जुन्या पेट्रोमॅक्स गॅसबत्तीच्या मेंटलची पाकिटं पडलेली होती, गणपतीच्या मिरवणुकीत वडील वापरायचे त्या बत्तीची. या मेंटलमध्ये थोरियम असतं. स्फटिकावर पाकीट ठेवलं आणि २३९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या जागी, थोरियमच्या मालिकेतल्या शिशाची जी रेषा यायला हवी तिथे, स्क्रीनवर उंचवटा वर आला. चार पोरं लॅपटॉपवर वाकून. एकीने लगेच मोबाइलवर फोटो काढून आईला पाठवला, आईचं उत्तर आलं, हे काय आहे, जेवलीस का.

अजून एक परीक्षा सविस्तर सांगतो, कारण ती माझी आवडती आहे. अँटेना. डबा रॉकेटमधल्या पेटीत बसला पाहिजे म्हणून अँटेना दुमडलेली असते, आणि बाहेर सुटल्यावर नियमाप्रमाणे निदान अर्धा तास काही उघडायचं नाही. आता अँटेना कशाची, तर हार्डवेअरच्या दुकानातल्या मेजर टेपची पट्टी! खरंच. मोठमोठ्या विद्यापीठांनी हेच वापरलंय, कारण ती गुंडाळता येते आणि सोडली की स्वतःहून ताठ होते. ती तंगुसाने बांधून ठेवायची, तंगूस एका छोट्या रेझिस्टरवरून न्यायचा, वेळ झाली की रेझिस्टरमधून करंट सोडायचा, तो तापतो, तंगूस वितळतो, पट्टी सुटते. ही एक गोष्ट झाली नाही की उपग्रह मुका. करोडोंचं रॉकेट, वर्षांची मेहनत आणि सगळं एका तंगुसावर. खोलीच्या तापमानाला पटकन होतं, पण वर सावलीतून बाहेर येताना सगळं गारठलेलं असतं आणि बॅटरीही मंदावलेली. म्हणून ओळखीच्या एका आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर मागितला, उणे वीसच्या आसपास जाणारा. रात्री दुकान बंद झाल्यावर फॅमिली पॅक बाजूला सारून मॉडेल आत, वायर झाकणातून बाहेर, पॉवर सप्लायवर मुद्दाम कमी व्होल्टेज. स्विच दाबला, काही नाही. काही नाही. तो आइस्क्रीमवाला पण हात बांधून उभा. आणि मग आतून ‘टण्ण’. झाकणाला आपटली पट्टी. पोरं एवढी ओरडली की वॉचमन आला.

आता यात गंमत अशी की निर्वातात हवाच नसते, रेझिस्टरची उष्णता हवेत वाहून जात नाही, त्यामुळे तिथे तो फ्रीझरपेक्षा लवकर तापतो. म्हणजे आमची परीक्षा खरीपेक्षा कडक होती. पण म्हणून थर्मोव्हॅक, म्हणजे निर्वातात गरम-थंड करून बघायची चाचणी टळत नाही, ती करावीच लागते, व्हायब्रेशनचीही. एका ठिकाणी आम्ही स्लॉटसाठी अर्ज केलाय, तिथून दर महिन्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर येतं. नाव घेत नाही, काम अडकलंय अजून.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो, त्यात रस कुणालाच नाही. आता देशात खासगी किंवा कॉलेजचा उपग्रह म्हटलं की इन-स्पेस या सरकारी संस्थेकडून परवानगी, फ्रिक्वेन्सीसाठी दिल्लीचं डब्ल्यूपीसी हे सरकारी कार्यालय आणि हॅम पट्टा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेचं, आयएआरयूचं कोऑर्डिनेशन. हॅम पट्टा हा हौशी लोकांचा आहे, फुकट मिळतो म्हणून घुसायचं नसतं, त्यांना उपग्रहातून काहीतरी वापरायला द्यायचं असतं. आणि ऑपरेट करणाऱ्याकडे स्वतःचं लायसन लागतं. पोरांना मी आधी परीक्षेलाच बसवलं, मोर्स येत नाही म्हणून कुणी रडलं नाही, तशी सूट आहे आता.

हां, आता मूळ मुद्दा, ऑपरेशन.

सध्या आमच्याकडे स्वतःचा उपग्रह नसला तरी आम्ही रोज उपग्रह चालवायची तालीम करतो, दुसऱ्यांचे ऐकून. गच्चीवर दोन यागी अँटेना, सिग्नल कॉम्प्युटरवर घेणारं एक डोंगल, अँटेना फिरवणारा जुना रोटेटर आणि सॅटनॉग्स या खुल्या जाळ्यात जोडलेलं स्टेशन. जगभरातले हौशी लोक आपापल्या गच्चीवरून विद्यापीठांचे उपग्रह ऐकतात आणि डेटा सगळ्यांसाठी टाकतात. युरोपातला उपग्रह नाशिकवरून जातो तेव्हा त्याच्या मालकाला तो दिसत नसतो, आपल्याला दिसतो. पहिल्यांदा नवीन पोराला कानाला हेडफोन लावून बसवलं की त्याला आधी वाटतं रेडिओ खराब आहे, कारण सिग्नल सरकत राहतो. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने येतोय, ४३७ मेगाहर्ट्झवर येताना दहाएक किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढाच खाली, डॉपलर. ट्युनिंग सतत बदलावं लागतं. पुस्तकात शाळेपासून वाचलेलं असतं, अ‍ॅम्ब्युलन्सचं उदाहरण वगैरे, पण डोक्यावरून प्रत्यक्ष गेलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि गच्चीवरच्या अडचणी पुस्तकात नसतात. संक्रांतीला येवल्याकडचं वारं नाशकात पण असतं, यागीत एवढा मांजा अडकतो की रोटेटर जॅम होतो, कात्रीने सोडवत बसायचं. दिवाळीत समोरच्या बिल्डिंगच्या एलईडी माळा लागल्या की नॉइज एवढा वाढतो की क्षितिजाजवळचे पास सोडून द्यावे लागतात, त्यांना काय सांगणार माळा बंद करा उपग्रह येतोय म्हणून! मे महिन्यात वळीव यायला लागला की केबल काढून ठेवायची, वीज पडली तर सगळंच जाईल. कबुतरांचं तर बोलूच नका.

स्वतःचा उपग्रह असेल तर याच्या दहापट. पहिल्या काही दिवसांत तर आपला कुठला हेच माहीत नसतं. एका रॉकेटमधून तीस-चाळीस उपग्रह सुटतात, पीएसएलव्ही-सी३७ ने तर १५ फेब्रुवारी २०१७ ला १०४ सोडले, रडारला नुसते ठिपके दिसतात, कुठला ठिपका कुणाचा हे ज्याने त्याने आपल्या सिग्नलच्या डॉपलरवरून ओळखायचं. मग रोजचं. बॅटरी किती, आतलं तापमान किती, शून्याखाली गेल्यावर लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होते म्हणून हीटर कधी लावायचा. कधीतरी एखादा आवेशित कण मेमरीत घुसून एक बिट उलटा करतो आणि कॉम्प्युटर हँग होतो, म्हणून वॉचडॉग टायमर हवा जो कुणाला न विचारता रिसेट मारेल. ब्राझीलच्या बाजूला दक्षिण अटलांटिकवर किरणांचा पट्टा खाली झुकलेला आहे, तिथून जाताना डिटेक्टरमध्ये कचराच कचरा येतो, ध्रुवांजवळ पण, तो वेळ स्फोट शोधण्यातून वगळायचा. सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर म्हातारे होतात, मार खाऊन त्यांचा डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही वाहणारा करंट, वाढतो, कमी ऊर्जेचे फोटॉन दिसेनासे होतात, थ्रेशोल्ड वर सरकवावा लागतो, आणि कधी किती सरकवला हे लिहून ठेवलं नाही तर दोन वर्षांनी त्या डेटाचा कुणालाच उपयोग नाही.

हे सगळं करणार कोण? कॉलेजची पोरं चार वर्षांत पास होऊन जातात. आयआयटी मुंबईचा प्रथम २००७ च्या सुमारास सुरू झाला आणि २६ सप्टेंबर २०१६ ला गेला. पुण्याच्या सीओईपीचा स्वयम्, एक किलोपेक्षा दहा ग्रॅम कमी, नुसत्या चुंबकाच्या जोरावर दिशा धरणारा, २२ जून २०१६ ला गेला, त्यालाही पोरांच्या अनेक बॅचेस लागल्या. ज्याने पहिला स्क्रू लावला तो लाँचच्या वेळी दुसऱ्याच कंपनीत, दुसऱ्याच शहरात. मला या दोन्ही टीम्सबद्दल प्रचंड आदर आहे आणि तो रॉकेटमुळे नाही, एवढ्या बॅचेसमध्ये प्रोजेक्ट मरू दिला नाही म्हणून आहे. आपल्याकडे कॉलेजात लाँचच्या दिवशी बॅनर लागतो, ढोल वाजतो, ट्रस्टी पेढे वाटतात, आणि नंतर रात्री साडेदहाचा पास घ्यायला गच्चीवर जायला कुणाला बजेट, परवानगी, किल्ली यातलं काही नसतं. गच्चीची किल्ली! हसू नका, आमची पहिली भांडणं किल्लीवरूनच झालीत. म्हणून मी पोरांना सांगितलंय की डबा पूर्ण झाला नाही तरी चालेल, पण लॉगबुक हवंच, तेही हाताने लिहिलेलं, आणि थर्ड इयरचा प्रत्येक जण सेकंड इयरच्या एकाला पास घ्यायला शिकवल्याशिवाय परीक्षेला बसणार नाही. कॉलेजचा नियम नाही हा, माझा आहे.

एक सोपा रस्ताही आहे आणि सध्या आमचं मन तिकडे झुकतंय. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर आधी नुसता कचरा म्हणून फिरायचा, आता इस्रो त्यालाच प्रयोगांचा मंच करून चालवते, पोएम म्हणतात. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० वर पोएम-४ मध्ये २४ प्रयोग होते. वीज, दिशा, रेडिओ सगळं त्यांचं, आपण फक्त आपलं उपकरण द्यायचं. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने २२ एप्रिल २०२३ ला पोएम-२ वर स्टारबेरीसेन्स नावाचा ताऱ्यांवरून दिशा ओळखणारा सेन्सर पाठवला, तो चक्क रास्पबेरी पायवर चालतो, पोरांच्या प्रोजेक्टमध्ये असतो तोच. म्हणजे आधी डिटेक्टर तिथे पाठवायचा, तो वर काय वागतो ते बघायचं, मग डबा. पोरांपैकी निम्म्यांना हे पटलंय, निम्म्यांना स्वतःचाच डबा हवाय कारण बायोडेटात ‘आमचा उपग्रह’ असं लिहिता येतं. सिन्नरची पोरगी पोएमच्या बाजूने आहे, आणि ग्रुपमध्ये शेवटी तिचंच चालतं असा माझा अनुभव आहे.

तर सध्या गरज काय आहे ते सांगतो. शहरात नॉइज फार आहे, त्यामुळे दुसरं स्टेशन त्र्यंबक नाहीतर इगतपुरीच्या बाजूला टाकायचं चाललंय. कुणाचं फार्महाऊस असेल, मळ्यातलं घर असेल, लाइट बऱ्यापैकी टिकत असेल आणि पश्चिमेला नि उत्तरेला मोकळं आकाश असेल तर कळवा. पाईप, केबल, अँटेना सगळं आम्ही आणू. इंटरनेट मोबाइलचं चालेल. कुणाकडे चालू किंवा बंद अवस्थेतला रोटेटर धूळ खात पडला असेल तर तोही चालेल, गिअर बॉक्स आम्ही खोलून बघू. आणि गच्चीची किल्ली मात्र आधीच एक जादा करून ठेवा.